बाटलीचा ताप

रविवारी सकाळी साडेसातला आईचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी ओहायोतल्या एका मैदानात घडीच्या खुर्चीवर बसून मांडीवरची गोधडी थोपटत होतो. एप्रिल महिना होता, अंगात दोन स्वेटर होते. गोधडीत हात घालून बघायचं, कड पुन्हा नीट खोचायची, पुन्हा थोपटायचं, असं माझं पाऊण तास चाललं होतं. फोनच्या चौकटीत आईला एवढंच दिसलं.

"अगंबाई! कोणाचं रे बाळ?"

"बाळ नाही गं. बाटली आहे."

आईचा आवाज एकदम खाली आला. "सकाळी साडेसातला? किती घेतोस रे?"

"मी नाही गं घेत. गाडी घेते."

यावर आईने फोन ठेवला आणि माझ्या बायकोला लावला. बायकोने तिला काय सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही. पण पुढे महिनाभर आई माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्य सावकाश आणि दोनदा बोलत असे.

बाटलीत होता नायट्रस ऑक्साइड. आणि मी होतो त्या बाटलीचा राखणदार. पुण्यात इंजिनिअरिंग करून, कोलंबसमध्ये बारा वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून, शेवटी माणूस एका बाटलीचा ताप बघायच्या नोकरीवर लागतो, तेही बिनपगारी, याला प्रारब्धच म्हणायचं.

दोष माझ्या शेजाऱ्यांचा. त्यांचं खरं नाव सांगत नाही. मी मनातल्या मनात त्यांना तात्या म्हणतो, कारण अडुसष्ट वर्षांचा हा गृहस्थ दिवसभर बनियनवर दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला गाडी कशी लावू नये हे सांगत असतो. मी घर घेतलं त्याच हिवाळ्यात माझी गाडी बर्फात गारठून बंद पडली. तात्या वायरी घेऊन आले, बॅटरीला लावल्या, गाडी सुरू केली आणि म्हणाले, "उपकार फेडायचे असतील तर शनिवारी ये." मी सोबत केक घेऊन गेलो. त्यांनी केक बाजूला ठेवला आणि माझ्या हातात पान्हा दिला. एकदा माझ्या तोंडून त्यांच्यासमोरच "तात्या" निघून गेलं. अर्थ विचारला, तर मी म्हणालो, आमच्याकडे आदरणीय वडीलधाऱ्यांना म्हणतात. तेव्हापासून ते स्वतःची ओळख "टाट्या" अशी करून देतात. त्यांच्या पत्नी अर्थातच काकू.

तात्यांच्या गॅरेजमध्ये १९७० सालची शेव्हरले नोव्हा आहे. नोव्हा म्हणजे नवी. माझ्यापेक्षा वयाने मोठी असलेली ही नवी गाडी पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, १२ सेकंदांत जाते. संध्याकाळी लक्ष्मी रोडवर एवढं अंतर जायला मला अर्धा तास लागायचा, त्यामुळे मला हे पुरेसं वाटत होतं. तात्यांना वाटत नव्हतं. त्यांना ११ च्या आत यायचं होतं. त्या एका सेकंदासाठी त्यांनी डिकीत ही बाटली बसवली. दहा पौंडांची, निळी, सात इंच जाड, वीस इंच उंच. तिच्यात दीडशे घोडे आहेत, असं तात्या म्हणतात. त्या घोड्यांना थंडी वाजते, हे मात्र बाटली विकत घेतल्यावर कळलं.

या वायूची कुंडली विनोदी आहे. १७९९ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टल इथे हम्फ्री डेव्ही नावाच्या तरुण रसायनतज्ज्ञाने तो पोटभर हुंगला, खो खो हसला आणि मग कोलरिज, सदी अशा कविमित्रांनाही हुंगायला लावला. पुढे १८४४ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या होरॅस वेल्स या दंतवैद्याने हाच वायू घेऊन स्वतःची दाढ उपटून घेतली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तो विमानांच्या इंजिनांत सोडला, विरळ हवेत उंचावर इंजिनाला दम लागू नये म्हणून. आज तोच वायू केकवरच्या क्रीमच्या डब्यात असतो, दवाखान्यात असतो आणि आमच्या डिकीत असतो. फरक एवढाच की गाड्यांसाठीच्या नायट्रसमध्ये थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळलेला असतो, कोणी हुंगून हसू नये म्हणून. हसवणारा वायू, आणि त्यात मुद्दाम घातलेला ठसका! आमच्या मराठी मंडळाच्या खजिनदारांना हे सांगितलं, तर ते बिचारे आशेने म्हणाले, "बिनठसक्याचा मिळेल का हो? यंदाचं नाटक विनोदी आहे."

गाडीत तो काय करतो, हे मी सिनेमा बघून शिकलो होतो: बटण दाबायचं, मागून निळ्या ज्वाळा निघतात, आजूबाजूच्या इमारती रबरासारख्या लांब होतात. तात्यांनी माझं अज्ञान दूर केलं. नायट्रस स्वतः जळतच नाही. इंजिन जेवढी हवा ओढतं तेवढंच पेट्रोल जाळू शकतं, सगळं घोडं तिथेच अडलेलं असतं. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन, नायट्रस ऑक्साइडमध्ये ३६. इंजिनाच्या आत ३०० अंशांच्या आसपास त्याचा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. त्यात हा द्रव बाटलीतून सुटला की उणे ८८ अंशांना उकळतो, त्यामुळे आत जाणारी हवा गारठून दाट होते. थोडक्यात, लग्नघरात काही नातेवाईक असतात ना, जे स्वतः कधी भांडत नाहीत, फक्त भांडणाऱ्यांना हवा देतात, तसा हा वायू.

आता, जास्तीची हवा दिली की जास्तीचं पेट्रोलही द्यावं लागतं. कमी पडलं तर ज्वाला इतकी तापते की अॅल्युमिनियमचा पिस्टन वितळतो. जास्त झालं तर इंजिन गुदमरतं आणि काळा धूर सोडतं. यांचं प्रमाण साधणं याला ट्यूनिंग म्हणतात. मी त्याला आमटी म्हणतो. मीठ जास्त झालं म्हणून गूळ, गूळ जास्त झाला म्हणून चिंच, चिंच जास्त झाली म्हणून पाणी, आणि शेवटी दहा माणसांची आमटी आणि जेवायला दोघं.

प्रमाण ठरवायला जेट नावाचे पितळी खडे असतात, मधोमध भोक असलेले. एक नायट्रसचा, एक पेट्रोलचा. जेटवर ६२ लिहिलं असेल तर भोक एका इंचाच्या हजार भागांपैकी ६२ भाग, म्हणजे दीड मिलिमीटरच्या किंचित वर. ६२ आणि ६४ यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळत नाही, फक्त पिस्टनला समजतो. तात्यांकडे असे साठेक जेट एका डबीत आहेत. ती डबी मी पहिल्याच शनिवारी उपडी केली. ते साठ जेट भिंग लावून, आकडे वाचून, पुन्हा खणाखणात भरायला मला दुपारचे चार वाजले. एक ५८ चा जेट मिळेना. तो जूनमध्ये माझ्या बुटात सापडला.

पण माझं मुख्य खातं जेटचं नव्हतंच. ते होतं तापाचं. बाटलीतला दाब तिच्या तापमानावर ठरतो, आणि तात्यांना तो ९५० पीएसआय हवा असतो. मोटारीच्या टायरच्या तीसपट. घरातल्या कुकरची शिट्टी होते त्याच्या साठपट. त्यासाठी बाटली साधारण ३० अंशांवर ठेवावी लागते. एप्रिलच्या गार सकाळी ती १० अंशांवर असते आणि काटा सहाशेच्या खाली झोपलेला असतो. अशा वेळी नायट्रस कमी जातो, पेट्रोल मात्र ठरलेलं तेवढंच, म्हणून गाडी ठसकते. यासाठी विजेचं एक गरम पांघरूण मिळतं. आमचं पहिल्याच दिवशी बिघडलं. बाजूच्या तंबूतला एकजण गॅसची बत्ती घेऊन बाटली शेकायला आला, त्याला काकूंनी हातातली छत्री रोखून परत पाठवलं. (हे कोणीही, कधीही, कुठल्याही बाटलीला करू नये. एवढी एक गोष्ट मी गांभीर्याने सांगतो.) मग मी माझी गाडी आतून गरम करून बाटली तिच्या पुढच्या सीटवर बसवली, पट्टा लावला, आणि तिथून काढल्यावर गार होऊ नये म्हणून घरून आणलेल्या आईच्या गोधडीत गुंडाळली. काटा ९५० वर आला आणि तिथेच राहिला. तात्यांनी गोधडीकडे बघून विचारलं, "हे कुठल्या कंपनीचं?"

जुलैत उलटं. डिकीत भट्टी होते, काटा बाराशेच्या दिशेने निघतो, नायट्रस बदाबदा जातो, पेट्रोल अपुरं पडतं, आणि तात्या पिस्टनच्या काळजीने देव आठवतात. त्यातही ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रवच राहत नाही. म्हणजे घरातल्या तापमापकावर ९७.५, माणसाला ताप नाही म्हणतात तो आकडा. आपण ठणठणीत असतो त्या तापमानाला बाटली वाया गेलेली असते. मग मी ओल्या पंच्याच्या घड्या तिच्या अंगावर ठेवत बसे. थंडपेयांच्या बर्फात थोडं मीठ टाकून त्या पाण्याच्या घड्या ठेवल्या, तर दाब आणखी लवकर उतरतो, असा माझा शोध आहे. तात्यांच्या मते तो शोध नसून त्यांच्या शीतपेटीची नासाडी आहे.

आता माझ्या हातून झालेल्या चुका. मी त्या पगारासाठी दुसऱ्यांच्या शोधतो, इथे स्वतःच्या फुकट देतो.

पहिली, व्हॉल्व्ह. बाटलीचा व्हॉल्व्ह हाताने उघडायचा असतो. ते काम माझं. मे महिन्यातल्या पहिल्या फेरीला मी बाटलीचा ताप पाहिला, दाब पाहिला, वहीत लिहिला, गोधडी काढून घडी घातली, डिकी बंद केली आणि अंगठा वर केला. दिवा हिरवा झाला. बटण दाबल्यावर पेट्रोल ठरल्याप्रमाणे दीडशे घोड्यांचं आलं, नायट्रस आलाच नाही. गाडीने "भॉक" केलं आणि मागे कोळशाच्या इंजिनासारखा धूर सोडत, एखाद्या वरातीच्या वेगाने ४०२ मीटर पार केले. काकू परत आल्या, हेल्मेट काढलं आणि मला एवढंच म्हणाल्या, "घरी चहा करताना गॅस लावतोस ना रे?"

हो, गाडी काकू चालवतात. हे आधी सांगायचं राहिलं, कारण मलाही ते दुसऱ्या आठवड्यात कळलं. मी समजत होतो की त्या विणकाम करायला येतात. अमेरिकेत यात नवल नाही. शर्ली मल्डाउनी या बाईने १९७७ मध्ये या खेळातल्या सर्वांत वेगवान वर्गाचं राष्ट्रीय विजेतेपद पुरुषांच्या नाकावर टिच्चून मिळवलं होतं. आमच्यातली विभागणी अशी: तात्या ट्यूनिंग करतात, काकू गाडी चालवतात, आणि सुरुवातीच्या रेषेवर तात्यांचे पाय लटपटतात. चालवत का नाही, असं मी तात्यांना एकदा विचारलं. "मला माहीत आहे ना मी आत काय काय केलंय ते," तात्या म्हणाले.

दुसरी चूक, लेबल. बाटली डिकीत आडवी असते, तोंड पुढे, बूड मागे. आत एक नळी बुडापर्यंत गेलेली असते आणि टोकाला एका बाजूला वळलेली असते. गाडी सुटली की द्रव मागे आणि खाली साचतो, नळीचं तोंड तिथेच हवं. म्हणून लेबल वर ठेवून बाटली बसवायची. मी लेबल खाली ठेवून बसवली. का? तर लेबलवर धूळ बसू नये म्हणून. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी घालणाऱ्या घरात मी वाढलो आहे. बाटली भरलेली होती तोवर काही कळलं नाही. ती अर्ध्यावर आली आणि नळीने द्रव सोडून वाफ ओढायला सुरुवात केली. वेळ ११.४, मग ११.७, मग १२.१. बाटली नसताना गाडी जेवढा वेळ घेत होती, त्यापेक्षाही हळू!

आणि इथे तज्ज्ञ आले.

रेसच्या मैदानावर गाडीचं बॉनेट उघडून उभं राहणं म्हणजे पुण्यात रस्त्यावर खड्डा खणण्यासारखं आहे. पाच मिनिटांत सात माणसं कमरेवर हात ठेवून आत वाकतात. पहिला म्हणाला, पेट्रोल जास्त होतंय. दुसरा म्हणाला, कमी होतंय. तिसरा म्हणाला, दोघांचंही बरोबर आहे. चौथ्याने खिशातून हवामानाचं यंत्र काढलं आणि सगळ्यांना गप्प केलं. जमीन समुद्रसपाटीपासून ९०० फुटांवर, पण आजच्या उकाड्यात हवा इतकी विरळ की इंजिनाला वाटतंय आपण ३,००० फुटांवर आहोत. म्हणजे आमची नोव्हा जागच्या जागी लोणावळ्याच्याही वर चढली होती. हवामान हे उत्तर सगळ्यांना आवडलं. हवामानाला उलटून बोलता येत नाही आणि त्यात कोणाचीच चूक नसते. तात्या तर इतके खूश झाले की त्यांनी तज्ज्ञाला सँडविच दिलं.

काकू विणता विणता म्हणाल्या, "बाटली उलटी आहे."

कोणी ऐकलं नाही. पाचव्या तज्ज्ञाने तोवर स्पार्क प्लग मागितले होते.

प्लग बघणं ही या विद्येतली समाधी अवस्था. गाडी रेषा ओलांडते, लगेच इंजिन बंद करायचं, तशीच घरंगळत येऊ द्यायची, मग प्लग काढून भिंगातून बघायचे. चिनीमाती कोणत्या रंगाची, टोकाच्या पट्टीवर उष्णतेचा डाग कुठपर्यंत आला, काजळी कुठे धरली, यावरून इंजिनाचं भूत-भविष्य सांगतात. आठ प्लग, आठ पत्रिका. मला एकदा भिंगातून बारीक चंदेरी कण दिसले. काजूकतलीवर वर्ख असतो तसे चमकत होते. मी कौतुकाने म्हणालो, "किती छान दिसतंय!" तात्यांनी बघितलं आणि ते खाली बसले. तो पिस्टनचा वर्ख होता.

पिस्टन वाचवायला ठिणगीची वेळही मागे ओढावी लागते. नायट्रसमुळे आत सगळं भराभर पेटतं, म्हणून दर ५० घोड्यांमागे ठिणगी २ अंश उशिरा टाकायची असा ढोबळ हिशेब आहे. आमचे दीडशे घोडे, म्हणजे ३४ वरून २८. हे मला पाठ आहे, कारण तात्या ते २८ वर ठेवतात, कोणीतरी येऊन ३० सांगतो, तात्या ३० करतात, दुसरा २६ म्हणतो, तात्या मान ठेवून २६ करतात, आणि रात्री घरी गेल्यावर गुपचूप पुन्हा २८.

ट्यूनिंगचा सगळ्यांना मान्य असलेला एकच नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जेट बदलला तर ठिणगीला हात लावायचा नाही. ठिणगी बदलली तर दाबाला हात लावायचा नाही. हा नियम तात्यांनी स्वतः गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिला आहे. त्याच्याखाली उभं राहून ते एका दमात जेट, ठिणगी, प्लग आणि टायरमधली हवा बदलतात, वेळ एक दशांशाने सुधारली की प्लगना श्रेय देतात, आणि बिघडली की माझ्याकडे बघतात. मी नावं ठेवत नाही. मीही वजन कमी करायला एकाच सोमवारी भात, साखर आणि लिफ्ट सोडली होती. किलोभर उतरलं. कशाने, ते आजही ठाऊक नाही, म्हणून तिन्ही पुन्हा सुरू केली.

नियम खरोखर पाळत होत्या त्या काकू. त्यांच्या विणकामाच्या पिशवीत एक वही असते. तारीख, वेळ, हवा, बाटलीचा दाब, जेट, ठिणगी, लागलेले सेकंद. बाटली उलटी बसवल्याची नोंदही त्यात होती: "१४:१०. लेबल खाली. तिघांना सांगितलं."

तिसरी चूक मला एकट्याने करता आली नसती, त्यासाठी तात्या लागले. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी घरच्या गॅरेजमध्ये ते विजेचे दोन व्हॉल्व्ह तपासत होते. बटण दाबलं की दोन्हींनी "टक" करावं. इंजिन बंद होतं. तात्यांनी बटण दाबलं, "टक" झालं. आवाज इतका गोड आला की त्यांनी पुन्हा दाबलं, मग मला ऐकवायला पुन्हा. बाटलीचा व्हॉल्व्ह बंद आहे अशी त्यांची समजूत होती. मे महिन्यातल्या प्रकारानंतर मी तो कधीही बंद ठेवायचा नाही असं ठरवलं होतं, ही माझी समजूत. प्रत्येक "टक"बरोबर इंजिनाच्या वरच्या पोकळीत नायट्रस आणि पेट्रोल साचत गेलं. मग तात्यांनी चावी फिरवली.

गणपतीत सुतळी बॉम्ब आम्हीही फोडले आहेत. हा त्यांचा आजोबा. एअर फिल्टरचं झाकण वर गेलं आणि माझ्या छपरावरून घरंगळत पन्हाळीत अडकलं. गल्लीतली कुत्री, अलार्म आणि म्हाताऱ्या बाया एकदम सुरू झाल्या. दहा मिनिटांत पोलीस आले. उंच, गंभीर अधिकारी. त्याने तात्यांकडे बघितलं, धूर निघणाऱ्या कार्बोरेटरकडे बघितलं, कमरेवर हात ठेवून आत वाकला आणि म्हणाला, "मला वाटतं, पेट्रोल कमी पडतंय."

सप्टेंबरमध्ये हेब्रन गावाजवळच्या ट्रॅकवर हंगामातली आमची शेवटची शर्यत होती. तिचे नियम समजून घ्यायला मला पूर्ण उन्हाळा लागला होता, कारण ते माणुसकीचे आहेत आणि शर्यतीत मी ती अपेक्षिली नव्हती. प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंदांत जाईल ते आधी सांगायचं आणि बूटपॉलिशने काचेवर लिहायचं. हळू गाडीला तेवढा वेळ आधी सोडतात. म्हणजे बैलगाडीही विमानाशी शर्यत लावू शकते. फक्त एक अट: सांगितलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोहोचलात तर बाद. खोटं बोलून सवलत लाटू नये म्हणून. अशा शर्यतीत चंचल नायट्रस घेऊन उतरणं म्हणजे उपवासाच्या दिवशी मिसळीच्या हॉटेलात बसण्यासारखं आहे, असं तात्यांना सातही तज्ज्ञांनी सांगितलं होतं. एकमताने सांगितलेली ही त्यांची एकमेव गोष्ट, म्हणून तात्यांनी ऐकली नाही.

"१०.९० लिही," तात्या म्हणाले.

काकूंनी वही उघडली. "आज हवा गार आहे. बाटली ९५० ला आहे. जेट तेच, ठिणगी तीच, तीन आठवडे काही बदललेलं नाहीस." (खरं होतं. तात्यांचा हात प्लास्टरमध्ये होता. त्याची कथा वेगळी.) "१०.७० लिही."

"१०.७०? एवढी कधी गेली आहे का ती आयुष्यात?"

"तू कधी तीन आठवडे गप्प बसला आहेस का आयुष्यात?"

काचेवर १०.९० लिहिलं गेलं. अक्षर माझं. मराठी माणूस शेजारच्या नवरा-बायकोच्या भांडणात काठावर बसतो, पण बूटपॉलिश ज्याच्या हातात असेल त्याला बाजू घ्यावीच लागते.

समोर आली एक जुनी स्टेशन वॅगन, आकडा १६.२०. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची तशीच होती. ती ५.३० सेकंद आधी सुटली. काकू शांतपणे थांबल्या होत्या. मी शपथेवर सांगतो, व्हॉल्व्ह उघडा होता, लेबल वर होतं. काकूंनी नळीतली हवा काढायला बटण दाबलं, पांढरा फवारा उडाला, पिवळे दिवे उतरत आले, हिरवा झाला आणि नोव्हा गेली. भॉक नाही, धूर नाही, ठसका नाही. नुसतं सपकन कापड फाडल्यासारखं. तात्यांनी डोळे मिटून घेतले होते, मला विचारत होते, "गेली का? नीट गेली का?" स्टेशन वॅगन ती शेवटच्या पन्नास पावलांत मागे टाकून पार झाली.

फलकावर स्टेशन वॅगनची वेळ होती १६.२४. आमची १०.७१.

स्टेशन वॅगन जिंकली. तिच्यातला तरुण बाप उतरून नम्रपणे म्हणाला की वाटेत दूध घ्यायचं आहे, म्हणून तो पुढची फेरी झाली की लगेच निघेल.

काकू परत आल्या. तात्या गाडीला टेकून उभे होते. "रेषेच्या आधी ब्रेक का नाही मारलास?" ते म्हणाले. "नुसता पाय टेकवला असतास तरी जिंकलो असतो. तुला दिसत होतं ना आपण पुढे आहोत ते?"

काकूंनी हेल्मेट काढलं, केस नीट केले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुझं गणित बरोबर आलं होतं," त्या म्हणाल्या. "त्याला मी ब्रेक लावू?"

तात्या काही बोलले नाहीत. पाच मिनिटं त्यांनी बॉनेटही उघडलं नाही, एवढं मी बघितलं. मग मला म्हणाले, भिंग आण.

आता तात्यांना दुसरी बाटली बसवायची आहे. म्हणजे आणखी दीडशे घोडे, ठिणगी २२ वर, आणि आणखी एक गोधडी. पहिली त्यांनी ठेवूनच घेतली आहे. येणाऱ्याला "इम्पोर्टेड" म्हणून दाखवतात. मी आईला फोन करून माप सांगितलं, वीस इंच लांब, सात इंच जाड. आई बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "मला खरं सांग, कितवा महिना?" मी पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावलं. तिला पटलं की नाही, ठाऊक नाही, पण गोधडी शिवून तयार आहे. फोटोत बाटलीचं तोंड उघडं दिसलं, म्हणून तिने जोडीला एक कुंचीही शिवली आहे.

तरी मार्चअखेरपर्यंत पुण्याहून कोलंबसला कोणी येणार असेल, तर कृपया कळवावे. दोन्ही मिळून वजन एक किलोच्या आत आहे. बॅगेत जागा नसेल तर माझ्यासाठी ठेवलेल्या चकल्या काढल्या तरी चालतील.